गोव्यात ब्लॉगर मेळावा भरवायचा तर

गोव्यात कार्यक्रम म्हटला की एक ठरलेलं चित्र डोळ्यांसमोर येतं. व्यासपीठ, समई, प्रमुख पाहुणे, पुष्पगुच्छ, स्वागतगीत आणि सूत्रसंचालकाच्या चारोळ्या. ब्लॉग लिहिणाऱ्यांची भेट भरवायला यातलं काही लागत नाही. घरी एकेकट्याने लिहिणारी पंधरा-वीस माणसं एका खोलीत यावीत, त्यांनी एकमेकांशी मोकळेपणी बोलावं आणि निघताना प्रत्येकाला निदान दोन नवी माणसं ओळखीची झालेली असावीत, एवढंच काम आहे. पुढे जे सांगतो आहे ते सगळं या एका कामासाठी. ज्या गोष्टीने बोलणं वाढतं ती ठेवायची, ज्याने खोळंबतं ती काढून टाकायची.

आधी माणसं, मग हॉल

बहुतेक जण उलटं करतात. हॉल बुक करतात, बॅनर छापायला टाकतात आणि मग माणसं शोधत फिरतात. तुम्ही आधी दहा नावांची यादी करा. ही दहा माणसं अशी हवीत की तुम्ही फोन केल्यावर ती नक्की येतील. मेळाव्याचा पाया म्हणजे तीच. बाकीचे त्यांच्यामागून येतात.

दहा नावं सुचत नसतील तर आपल्या वर्तमानपत्रांच्या रविवार पुरवण्यांत जे अधूनमधून लिहितात त्यांच्यापासून सुरुवात करा, त्यांतल्या बऱ्याच जणांचा स्वतःचा ब्लॉग असतो किंवा कधीतरी होता. कॉलेजांतल्या मराठी विभागांना विचारा. तालुक्याच्या ग्रंथालयातल्या ग्रंथपालांना तर जरूर विचारा, कोण काय लिहितं हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. म्हादई, नेत्रावळीच्या जंगलवाटा तुडवणारे, देवळांचा आणि गावऱ्हाटीचा इतिहास जमवणारे, रांदपाच्या कृती लिहिणारे, हे सगळे लिहितात, फक्त स्वतःला ब्लॉगर म्हणवून घेत नाहीत. आणि सावंतवाडी, बांदा, दोडामार्ग विसरू नका. पत्रादेवीपलीकडच्या माणसाला पणजी कोल्हापूरपेक्षा कितीतरी जवळ आहे.

इथे एक प्रश्न हमखास येतो. अमुकजण आता ब्लॉगवर लिहीतच नाही, फेसबुकवरच लिहितो, त्याला बोलवायचं का? बोलवा. चार परिच्छेद सलग लिहिणारा माणूस कुठे लिहितो याला महत्त्व नाही. रील करणाऱ्यांबद्दल मात्र माझं मत जरा आडमुठं आहे: त्यांचा मेळावा वेगळा असावा. त्यांचे प्रश्न वेगळे, आणि त्यांतल्या दोघांनी जरी खोलीत चित्रीकरण सुरू केलं तरी लाजाळू माणसं तोंड मिटून बसतात.

आयोजक तिघे पुरेत. एकाने जागा बघावी, दुसऱ्याने निरोप आणि नोंदणी, तिसऱ्याने पैसे आणि खाणं. चौघे-पाचजण झाले की समिती होते, समिती झाली की अध्यक्ष लागतो, आणि अध्यक्ष झाला की त्याचं भाषण ठेवावं लागतं.

तारीख

गोव्यात तारीख काढणं हे अर्धं काम आहे, कारण आपलं कॅलेंडर दिसतं त्यापेक्षा भरलेलं असतं.

गणेशचवथीच्या आधीचा आणि नंतरचा आठवडा सोडाच. माणसं आपापल्या मूळ घरी गेलेली असतात आणि त्याआधी माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या बाजारात. दिवाळीच्या आधीचे दिवस तरुण मुलं नरकासुर बांधण्यात गुंतलेली. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात पणजीत इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव असतो, २००४ पासून तो इथेच भरतो, त्या दिवसांत पणजीत गाडी लावायला जागा शोधण्यात सकाळ जाते. ३ डिसेंबरला जुन्या गोव्याचं फेस्त. त्यानंतर नाताळ, ३१ डिसेंबर आणि पर्यटकांची गर्दी. फेब्रुवारीत कार्निव्हल, फाल्गुनात शिगमोत्सवाच्या मिरवणुका, म्हणजे संध्याकाळी रस्ते बंद. शिवाय गावोगावच्या जात्रा. म्हापशात भेट ठेवायची असेल तर बोडगेश्वराची जात्रा कधी ते बघा, डिचोली भागात ठेवायची तर शिरगावची लईराई, वास्कोत ठेवायची तर श्रावणातला दामोदराचा सप्ताह. निवडणूक जवळ असेल तर आणखी एक काळजी: आचारसंहिता लागली की सरकारी सभागृहाचं आधी झालेलं बुकिंगही अडू शकतं.

मग उरतं काय? माझ्या मते दोन काळ चांगले. जुलै, कारण पाऊस असला तरी लग्नसराई संपलेली असते, सभागृहं रिकामी असतात आणि माणसं घरी कंटाळलेली असतात. किंवा मे महिन्याचा पूर्वार्ध. उकाडा असतो हे खरं, पण मुंबई-पुण्याला नोकरीला असलेले आपले लोक तेव्हाच गावी येतात आणि त्यांना अशा भेटीची खरी भूक असते. मेमध्ये ठेवणार असाल तर लग्नाचे मुहूर्त बघून ठेवा, नाहीतर निम्मे लोक बुंदीच्या पंगतीत सापडतील.

वार रविवार. वेळ सकाळी १० ते १. सकाळी नऊच्या आधी ठेवलंत तर ख्रिस्ती मित्र चर्चमधली मिस सोडून येणार नाहीत, आणि बाकीचे मासळी बाजारात असतात, रविवारची मासळी कुणी सोडत नाही. दुपारी दोनला ठेवलंत तर झोपेची वेळ. दुपारी एक ते चार दुकानं बंद ठेवणाऱ्या प्रदेशात दुपारचा कार्यक्रम ठेवणाऱ्याला माझा दुरून नमस्कार. संध्याकाळ चालली असती, पण मग परतीच्या बसचा प्रश्न. आतल्या गावांकडे जाणाऱ्या बसेस सात-साडेसातनंतर विरळ होत जातात, आणि वाळपई, सांगे, काणकोणहून आलेला माणूस सहा वाजल्यापासून घड्याळ बघायला लागतो. घड्याळ बघणाऱ्याशी गप्पा होत नाहीत.

जागा

पहिली भेट असेल तर पणजीतच घ्या. प्रतिष्ठेसाठी म्हणत नाही, बससाठी म्हणतो. मडगाव, वास्को, म्हापसा, फोंडा, डिचोली, सगळीकडून कदंब किंवा खासगी बस थेट पणजीच्या स्टँडवर येते. पाटोवरचं कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय तिथून चालत जाण्याइतकं जवळ आहे. १८३२ साली सुरू झालेलं हे ग्रंथालय देशातल्या जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी एक, आणि ब्लॉग लिहिणाऱ्यांनी पुस्तकांच्या शेजारी भेटावं यात एक औचित्यही आहे. त्याच्याच आवारात संस्कृती भवनाचं सभागृह आहे. पर्वरीला गोमंतक मराठी अकादमीची वास्तू आहे. दक्षिणेकडच्या लोकांसाठी मडगावात गोमंत विद्या निकेतन आणि रवींद्र भवन, मधल्यांसाठी फोंड्यात राजीव गांधी कला मंदिर. साखळी आणि कुडचड्यालाही रवींद्र भवनं आहेत. दुसरी भेट फोंड्यात घ्या असं मी सुचवीन. नकाशावर ते मध्यावर आहे, आणि दर वेळी पणजीलाच बोलावलं की सासष्टी आणि सांगेचे लोक तिसऱ्या वेळेपासून यायचे थांबतात.

मोठं नाट्यगृह मात्र घेऊ नका. पक्क्या बसवलेल्या खुर्च्या सगळ्या एकाच दिशेला तोंड करून असतात, तिथे माणसं प्रेक्षक होतात. तुम्हाला हवी बैठकीची खोली, जिथे खुर्च्या उचलून गोल मांडता येतील. देवस्थानांच्या अग्रशाळा स्वस्त आणि ऐसपैस असतात, पण कुणाला तिथे संकोच वाटेल का हे आधी विचारा, आणि खाण्याचे नियम समजून घ्या. कॅफेत सात-आठ जणांपर्यंत ठीक, त्यापुढे मालकाच्या टेबलांचा खोळंबा होतो आणि तो दर पंधरा मिनिटांनी 'आणखी काय?' विचारत येतो. कुणाच्या जुन्या घराचा मोठा बल्कांव, म्हणजे दारापुढचा ओटा मिळाला तर त्यासारखी जागा नाही, पण अनोळखी माणसं घरी बोलावण्याआधी घरच्या बायकांची परवानगी घ्या, चहा त्यांच्याच गळ्यात पडतो.

मिरामारची वाळू सगळ्यांना सुचते. सुचू द्या. वाऱ्यात ऐकू येत नाही, ऊन डोळ्यांवर येतं, लॅपटॉपच्या कळांत वाळू जाते आणि बायकांना स्वच्छतागृह शोधत फिरावं लागतं. शिवाय किनाऱ्यावर उघड्यावर दारू पिणं आणि स्वयंपाक करणं या दोन्हींवर दंड आहे, तेव्हा 'नंतर तिथेच बसूया' हा बेतही बाद. भेट संपल्यावर ज्याला समुद्र बघायचा त्याने बघावा.

जागा ठरवण्याआधी एकदा स्वतः जाऊन या, आणि ज्या वारी भेट आहे त्याच वारी जा. रविवारी दरवाजा कोण उघडतो, त्याचा फोन नंबर काय, पंखे किती आवाज करतात, प्लगचे पॉइंट किती, खोलीत मोबाइलला रेंज येते का, नळाला पाणी आहे का, पायऱ्या न चढता आत येता येतं का. जुलैत असेल तर वीज गेल्यावर जनरेटर आहे का हेही. अर्ज लेखी द्या, त्यात कारण, वेळ, माणसांची संख्या आणि 'ध्वनिक्षेपक वापरणार नाही' हे लिहा. या शेवटच्या वाक्याने कारकुनाच्या कपाळावरच्या निम्म्या आठ्या जातात. अर्जाची एक प्रत शिक्का मारून स्वतःकडे ठेवा आणि त्या दिवशी सोबत न्या.

निरोप

निरोप तीन आठवडे आधी पाठवा, आठवडाभर आधी एकदा आठवण, आदल्या संध्याकाळी शेवटची. यापेक्षा जास्त नाही. मजकूर असा असला तरी चालेल:

'नमस्कार. गोव्यात किंवा आसपास राहून मराठीत ब्लॉग लिहिणाऱ्यांची एक साधी भेट ठरवली आहे. रविवार, अमुक तारीख, सकाळी १० ते १, पाटो, पणजी. कदंब स्टँडवरून चालत. भाषणं नाहीत, सत्कार नाहीत. ओळखी, गप्पा, आणि ज्यांना ब्लॉगच्या तांत्रिक अडचणी असतील त्यांच्यासाठी मदतीचं टेबल. चहा-खाण्यासाठी माणशी १०० रुपये, तिथेच द्यायचे. टोपणनावाने लिहीत असाल तर टोपणनावानेच या. येणार असाल तर या नंबरवर नाव, ब्लॉगचं नाव आणि गाव कळवा.'

'भाषणं नाहीत, सत्कार नाहीत' हे वाक्य गाळू नका. त्या एका ओळीवर येणारे लोक वाढतात, आणि न आलेलेच बरे असे काही आपोआप गळतात.

लगेच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढण्याचा मोह आवरा. ग्रुपमध्ये सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात, आणि अनोळखी माणसांकडे आपला नंबर जावा असं प्रत्येकीला वाटत नाही. एकेकाला वेगळा निरोप पाठवायला अर्धा तास जातो, तो घालवा. ग्रुप हवाच असेल तर भेट झाल्यावर, विचारून.

'येतो' म्हणणाऱ्यांतले साधारण एक तृतीयांश येत नाहीत, पावसात त्याहून जास्त. तीस जणांनी होकार दिला तर वीस जणांची तयारी करा आणि पाच खुर्च्या जास्तीच्या ठेवा. कुणी आला नाही म्हणून रुसू नका. आदल्या दिवशी वेधशाळेने रेड अलर्ट दिला तर संध्याकाळी सातच्या आत काय तो निर्णय घेऊन कळवून टाका. काणकोणहून पहाटे निघणाऱ्याला सकाळी आठला 'रद्द' कळवणं पाप आहे.

भाषेबद्दल एक. आपल्याकडे मराठी लिहिणारा माणूस घरी कोंकणी बोलतो, हे काही नवं नाही. गप्पांत दोन्ही चालू द्या. कोंकणीत लिहिणारे यायला उत्सुक असतील तर दारं उघडी ठेवा. फक्त राजभाषेचा विषय पहिल्या भेटीत निघू देऊ नका. १९८७ च्या राजभाषा कायद्यावर बोलायला लागलेली गोव्यातली कुठलीही बैठक जेवणाच्या आत संपत नाही. कुणी काढलाच तर 'त्यासाठी वेगळा रविवार ठेवूया' म्हणा आणि चहा पुढे करा.

पैसे आणि पाव

पैशाचा हिशेब साधा ठेवा: जागेचं भाडं, खाणं, पाणी, कागद-मार्कर. एवढंच. बॅनर नको, स्मृतिचिन्हं नकोत, फुलं नकोत. एकूण खर्च येणाऱ्यांच्या अपेक्षित संख्येने भागा आणि थोडा वर काढा. वीस जणांना २००० रुपयांत बसवायचं असेल तर भाड्याची जागा परवडणार नाही, म्हणून आधी ग्रंथालयं आणि संस्था बघायच्या. भेट संपताना जमा-खर्च कागदावर लिहून भिंतीला लावा, सगळे निघायच्या आत. पैसे थोडे असले तरी हिशेब दिसला की पुढच्या वेळी कुणी हात आखडत नाही.

एक सूचना तुम्हाला नक्की येईल: अमक्या आमदारांना बोलावूया, हॉल फुकट मिळेल. किंवा अमक्या हॉटेलवाल्याला प्रायोजक करूया, तो जेवण देईल. दोन्हींना नम्रपणे नाही म्हणा. आमदार आले की वेळ त्यांची, खुर्च्या त्यांच्या माणसांच्या आणि फोटो त्यांचा. हॉटेलवाल्याचं जेवण चविष्ट असतं, पण नंतर त्याच्याबद्दल चार ओळी लिहिण्याचं ओझं वीस जणांच्या डोक्यावर बसतं. मोबदला घेऊन लिहिलं की तसं वाचकाला स्पष्ट सांगावं, असे जाहिरात क्षेत्रातल्या एएससीआय या नियमन संस्थेचे २०२१ पासूनचे नियम आहेत. एका थाळीसाठी कशाला त्या भानगडीत पडायचं?

खाण्याला भाजी-पाव. यावर चर्चा नको. जवळच्या कुठल्याही चांगल्या शाकाहारी हॉटेलातून पातळ भाजी आणि सुकी भाजी वेगवेगळ्या डब्यांत घ्या, मिक्स करून देऊ नका म्हणून सांगा, नाहीतर साडेअकरापर्यंत लगदा होतो. पाव मात्र हॉटेलातून घेऊ नका. आदल्या संध्याकाळी पदेर, म्हणजे पाववाला, पों-पों करत आला की त्याला गाठा आणि सकाळसाठी सांगून ठेवा: माणशी दोन उंडे, म्हणजे गोल पाव, आणि मधुमेहवाल्यांसाठी वेगळ्या पोळयो, म्हणजे कोंड्याचे पाव. सकाळी घेतलेले पाव प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नका, घाम येऊन ओले होतात. कापडी पिशवीत किंवा टोपलीत, वर पंचा. सोबत मिरची भजी, कुणाला गोड हवं असेल तर बन. चहा दोनदा: आल्यावर आणि साडेअकराला. शाकाहारच ठेवा. रविवार असला तरी श्रावण, संकष्टी, कुणाचं काही व्रत, असं काहीतरी निघतंच, आणि भाजी-पावाला कुणाचीच ना नसते. पाण्याच्या छोट्या बाटल्या आणू नका. वीस लिटरचा कॅन आणि स्टीलचे पेले.

एकनंतर ज्यांना एकत्र जेवायचं ते जवळच्या खाणावळीत शीत-कडी खायला जातील, आपापल्या बिलाने. मेळाव्याच्या खर्चात जेवण धरलंत की भेट जेवणाभोवती फिरायला लागते.

त्या दिवशी

आयोजकांनी सव्वानऊला पोचायचं. खुर्च्या गोल मांडा. दारात एक टेबल, त्यावर जाड कागदाच्या पट्ट्या आणि काळा मार्कर. ही पट्टी क्षुल्लक वाटते, पण भेटीत सर्वांत जास्त काम तीच करते, म्हणून ती नीट करा. पट्टीवर वर मोठ्या अक्षरात ब्लॉगचं नाव, खाली लहान अक्षरात माणसाचं नाव आणि गाव. उलटं नाही. कारण समोरच्याने तुमचा चेहरा पाहिलेला नसतो, नावही कदाचित लक्षात नसतं, पण ब्लॉग वाचलेला असतो. 'अरे, हे तुम्ही?' हा उद्गार ब्लॉगच्या नावावर येतो. पट्टी गळ्यात अडकवणार असाल तर दोन्ही बाजूंनी लिहा, दोरीवरची पट्टी नेमकी उलटीच फिरते. पेनने लिहू नका, दोन हातांवरून वाचता आलं पाहिजे.

दारात बोलका माणूस बसवा. त्याचं काम नोंदणी नाही. एकटा आलेला माणूस दिसला की त्याला हाताला धरून कुणाशी तरी जोडून द्यायचं: 'हे सत्तरीचे, हेही पक्ष्यांवर लिहितात.' पहिल्या दहा मिनिटांत जो कोपऱ्यात जाऊन मोबाइलमध्ये डोकं घालतो तो एकपर्यंत तिथेच राहतो.

साडेदहाला ओळखीची फेरी. माणशी दोन मिनिटं. वीस माणसं म्हणजे चाळीस मिनिटं, पंचवीस म्हणजे पन्नास, यापेक्षा जास्त माणसं असतील तर दोन गोल करा. 'स्वतःबद्दल सांगा' म्हटलं की माणूस बालपणापासून सुरू करतो. म्हणून तीनच गोष्टी विचारा: कशावर लिहिता, शेवटचं काय लिहिलं, आणि सध्या कुठे अडलंय. तिसऱ्या प्रश्नाने खोली जागी होते. कुणी म्हणतो, वर्षभर काहीच सुचलं नाही. कुणी म्हणते, नवरा विचारतो यातून मिळतं काय. लगेच तीन माना हलतात, आणि ती तिघं मग साडेअकराला एकत्र चहा पिताना दिसतात.

घड्याळ धरून एक जण बसवा, शक्यतो वयाने लहान आणि जिभेने गोड. जुने जाणते लिहिणारे दोन मिनिटांत थांबत नाहीत, ते थांबणार नाहीतच. 'बाब, हे चहाला बसून सविस्तर ऐकायचंय' हे वाक्य पाठ करून ठेवायला सांगा. मान राहतो आणि वेळही.

त्यानंतरचा तास आखून ठेवू नका. २००५ साली कॅलिफोर्नियात बारकॅम्प नावाचा प्रकार सुरू झाला. तिथे कार्यक्रमपत्रिका आधी छापत नाहीत, येणारे लोक भिंतीवरच्या तक्त्यावर आपापले विषय चिकटवतात. भारतातही तो चांगला रुजला. त्याआधीच, १९८० च्या दशकात, हॅरिसन ओवेन यांनी अशाच मोकळ्या बैठकींची पद्धत बसवली होती आणि तिचा एक नियम भारी आहे: जिथे तुम्ही काही शिकत नाही आणि काही देतही नाही, तिथून उठून दुसऱ्या घोळक्यात जायचं, कुणी राग मानायचा नाही. आपल्याकडे बोलणाऱ्यासमोरून उठणं उद्धटपणा समजतात, म्हणून हा नियम सुरुवातीलाच मोठ्याने सांगावा लागतो. भिंतीवर एक कोरा कागद लावा, पहिला चहा होईपर्यंत चार-पाच विषय त्यावर येतात. तेवढे पुरेत. दोन-तीन कोपरे करा, वीस-वीस मिनिटं द्या.

मदतीचं टेबल

वेळ आणि माणसं कमी असतील तर बाकी सगळं वगळा, पण हे टेबल ठेवा. एक टेबल, दोन लॅपटॉप, एक जोडबोर्ड आणि तांत्रिक बाजू समजणारी दोन माणसं. पन्नाशीपुढचे कितीतरी लोक लिहिणं सोडतात ते सुचत नाही म्हणून नव्हे. फोन बदलल्यावर कीबोर्ड सापडत नाही, पासवर्ड हरवतो, मुलाने ब्लॉग उघडून दिला होता आणि मुलगा आता बेंगळुरूला. दहा मिनिटांत सुटण्यासारख्या या अडचणी असतात.

पहिली अडचण टायपिंगची. फोनवर जीबोर्डमध्ये मराठी जोडून द्या आणि बोलून टाइप करायला शिकवा, रोमन अक्षरांवरून मराठी उमटवण्याची सोय दाखवा. ज्यांना संगणकावर भरपूर लिहायचंय त्यांना इनस्क्रिप्टचा तक्ता छापून द्या, हात बसायला महिना लागतो पण मग वेग येतो. दुसरी अडचण जुन्या फाइलींची. श्रीलिपी, कृतिदेव अशा फॉन्टमध्ये साठवलेला मजकूर ब्लॉगवर टाकला की चिन्हांचा शेंदूर फासल्यासारखा दिसतो. तो युनिकोडमध्ये कसा बदलायचा हे एकदा करून दाखवा. रूपांतरानंतर जोडाक्षरं आणि रफार तपासून घ्यायला सांगा, चुका नेमक्या तिथेच राहतात.

तिसरी आणि सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे राखण. जिओसिटीज २००९ मध्ये बंद झालं, ऑर्कुट २०१४ मध्ये, गूगल प्लस २०१९ मध्ये. प्रत्येक वेळी लोकांचं लिहिलेलं गेलं. त्यामुळे आलेल्या प्रत्येकाला घरी जायच्या आत आपल्या ब्लॉगची एक प्रत उतरवून द्या. ब्लॉगरवर सेटिंग्जमधून किंवा गूगल टेकआउटमधून, वर्डप्रेसवर साधनांमधल्या एक्स्पोर्टमधून. वर्डप्रेसच्या त्या फाइलीत मजकूर आणि प्रतिक्रिया येतात, फोटोंचे मात्र नुसते दुवे येतात, फोटो वेगळे उतरवावे लागतात, हे सांगायला विसरू नका. प्रत पेनड्राइव्हवर द्या आणि स्वतःला ईमेलही करायला लावा. ज्यांनी स्वतःचं डोमेन घेतलंय त्यांना नूतनीकरणाची तारीख आणि त्या खात्याला जोडलेला ईमेल अजून चालू आहे का, हे तिथल्या तिथे बघायला लावा.

फोटो आणि नावं

काही जण टोपणनावाने लिहितात, आणि त्यामागे सबळ कारणं असतात. सरकारी नोकरी, सासर, गावातलं राजकारण. गोवा लहान आहे, एका फोटोवरून माणूस कुणाचा कोण हे पाच मिनिटांत निघतं. म्हणून सुरुवातीलाच सांगा: दुसऱ्याचा फोटो विचारल्याशिवाय टाकायचा नाही, आणि टोपणनावामागचं खरं नाव कुणी लिहायचं नाही. पट्ट्यांसाठी दोन रंगांचे कागद ठेवा, एक रंग फोटो चालेल म्हणणाऱ्यांचा, दुसरा नको म्हणणाऱ्यांचा. बोलावं लागत नाही, कॅमेरावाल्याला दिसतं. समूहफोटो पावणेएकला घ्या, तोही दोनदा सांगून, म्हणजे ज्यांना नको ते सहज बाजूला होतात.

बायकांची संख्या कमी असेल तर तिघा आयोजकांत एक तरी बाई हवी, आणि निरोपात तिचा नंबर चालत असेल तर तोही द्या. विचारायला फोन करणाऱ्या बऱ्याच जणी आधी 'आणखी कोण बायका येतायत?' हेच विचारतात.

संपताना आणि नंतर

पावणेएकला पुन्हा गोलात बसा. आभारप्रदर्शन नको. दोनच कामं: पुढची भेट कुठे आणि साधारण कधी हे ठरवायचं, आणि तिचे तीन नवे आयोजक कोण ते. नवे, तेच नाहीत. तीच माणसं दरवेळी राबली की तिसऱ्या भेटीनंतर दमतात आणि सगळं थांबतं. कुडचड्याचा कुणी हात वर करत असेल तर पुढची भेट तिकडे द्या.

दोन दिवसांच्या आत एक निरोप पाठवा. त्यात आलेल्यांच्या ब्लॉगचे दुवे, ज्यांनी परवानगी दिली त्यांचेच, हिशेबाच्या कागदाचा फोटो आणि पुढची तारीख. वृत्तांत लिहिण्याची जबाबदारी एकावर टाकू नका, ज्याला जे आठवेल ते त्याने आपापल्या ब्लॉगवर लिहावं. आणि प्रत्येकाला एवढं सांगा की या आठवड्यात नव्याने ओळख झालेल्या दोघांचे ब्लॉग वाचून खाली प्रतिक्रिया टाका, निदान दोन वाक्यांची. 'छान' चालणार नाही.

सभागृहाची किल्ली ज्याच्याकडून घेतली त्याला सोमवारी फोन करून आभार माना, खोली झाडून दिली होती हेही कळू द्या. पुढच्या वेळी अर्ज त्याच्याच टेबलावर जाणार आहे.